काबुकी नटांची जपानी चित्रं हाताने रंगवून घ्यायचीत, नाशिकमध्ये कोणी करून देईल का?

नेपथ्यवाला

मंडळी, जाणकारांची मदत हवीये. आमचा हौशी नाटकवाल्यांचा ग्रुप आहे, राज्य नाट्य स्पर्धेला उतरतो (निकालाचं विचारू नका), आणि आता गंगापूर रोडला एका मित्राच्या बंगल्याचा वरचा हॉल तालमीला कायमचा मिळालाय. भिंती पांढऱ्याफटक. तर तिथे नटांची चित्रं लावायची असं ठरलं, आणि बालगंधर्वांचे, दीनानाथांचे फोटो तर लागतीलच पण एक भिंत काबुकीवाल्यांना, म्हणजे जपानच्या पारंपरिक नाटकातल्या नटांना, द्यावी असं माझ्या डोक्यात आलं. ती चित्रं माहितीच असतील, डोळे तिरळे केलेले, तोंड वाकडं, दोन्ही हातांची बोटं फाकवून अंगावर येणारा तो माणूस वगैरे.

ऑनलाइन बघितलं तर दोन प्रकार दिसतात. एक जण तेच बोटं फाकवलेलं चित्र कॅनव्हासवर ऑइलमध्ये "शंभर टक्के हाताने रंगवलेलं" म्हणून विकतोय, तीन फूट बाय दोन फूट, किंमत बऱ्यापैकी. दुसरा कुठल्याशा पातळ जपानी कागदावर रंगवून देतो म्हणतो, साइज लहान आणि किंमत त्याहून जास्त. माझे प्रश्न असे की ही चित्रं मुळात लाकडाच्या ठशावर छापलेली ना, मग हाताने रंगवलेली कॉपी म्हणजे भारी समजायची की गंडवागंडवी? ऑइल घ्यावं की कागदावरचं? आणि तिसरं, बाहेरून मागवण्यापेक्षा आपल्या नाशकातल्या चित्रकाराकडूनच करून घेतलं तर? वॉटरकलरवाले तर आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. बजेट आहे पण पैसे वर्गणीचे आहेत, तेव्हा जपून सांगा.

प्रॅक्टिकल_पाटील

कशाला एवढा व्याप. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ पासून त्यांच्याकडच्या कॉपीराइट संपलेल्या लाखो चित्रांचे फोटो फुकट वापरायला खुले केलेत, त्यात हे बोटंवालं पण आहे. मोठी फाइल उतरवा, चांगल्या मॅट कागदावर प्रिंट मारा, फ्रेम करा, विषय संपला. हाताने रंगवलेलं हाताने रंगवलेलं म्हणून उगाच भाव वाढवतात.

ठसेकर

पाटील साहेबांचं अर्धं पटलं, अर्धं नाही. जरा लांब लिहितो, चहा घेऊन बसा.

ते बोटंवालं चित्र शाराकू नावाच्या चित्रकाराचं. १७९४ च्या मे महिन्यात एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, कावाराझाकी-झा नावाच्या थिएटरात एक नाटक लागलं होतं, त्यातला हा एदोबेई नावाचा खलनोकर, काम करणारा नट ओतानी ओनिजी तिसरा. पैसे घेऊन चाललेल्या इप्पेई नावाच्या दुसऱ्या नोकराला हा लुटायला जातो तो क्षण आहे. आणि गंमत म्हणजे त्या इप्पेईचं पण वेगळं चित्र आहे, तलवारीला हात घातलेला, काम इचिकावा ओमेझोचं. दोन्ही शेजारी लावली तरच प्रवेश पुरा होतो, एकटा एदोबेई लावणं म्हणजे रामाशिवाय रावण लावल्यासारखं. तुम्ही नाटकवाले, तुम्हाला हे जास्त कळेल.

हा शाराकू कोण कुठला कोणालाच धड माहीत नाही. त्सुताया जुझाबुरो नावाच्या प्रकाशकाने एकदम त्याची अठ्ठावीस मोठ्या चेहऱ्यांची चित्रं बाजारात आणली, दहाएक महिन्यांत सगळी मिळून दीडशेच्या आत चित्रं झाली आणि १७९५ च्या सुरुवातीला माणूस गायब. त्या काळातल्याच एका नोंदीत लिहून ठेवलंय की नटांना अगदी आहे तसं दाखवायला गेला आणि म्हणून टिकला नाही. खरंय ते, बायकांची कामं करणाऱ्या नटांचे पुरुषी जबडे पण त्याने झाकलेले नाहीत. कुठल्या नटाला आवडेल?

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. या छापचित्रात चित्रकार फक्त शाईने रेघांचं चित्र काढून देतो. कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा, आणि पैसे घालून धंदा करणारा प्रकाशक वेगळा. कोरणारा ते पातळ कागदावरचं चित्र उलटं चेरीच्या फळीवर चिकटवून कोरतो, म्हणजे चित्रकाराच्या हातचं चित्र त्यातच संपतं. मग दर रंगाला वेगळा ठसा. म्हणून "मूळ पेंटिंग" नावाची वस्तू इथे नसतेच, शंभर प्रती निघाल्या तर शंभरही मूळच. त्यामुळे कोणी कॅनव्हासवर ऑइलने रंगवून "ओरिजिनलसारखं" म्हणत असेल तर त्याला विचारा कुठल्या ओरिजिनलसारखं.

ऑइलमध्ये आणखी एक होतं. रंगवणाऱ्याचा हात शिवशिवतो आणि तो नाकाला सावली देतो, गालाला उठाव देतो. मूळ चित्रात चेहऱ्यावर एक कणभरही शेडिंग नाही, सगळा चेहरा रेघेवर उभा आहे, नाक एका रेघेत आणि ओठ दोन रेघांत. सावली आली की नट मेला आणि कॅलेंडरवरचा बाबा झाला.

आणि बॅकग्राउंड. ती काळपट करडी जागा दिसते ना, ती नुसती करडी नाही, त्यात अभ्रकाची पूड आहे. दिव्याखाली चित्र हलवलं की मागचं सगळं मंद चमकतं आणि चेहरा तेवढा चमकत नाही. फूटलाइटच्या उजेडात नट दिसावा तसा परिणाम. पाटील साहेब, डिजिटल प्रिंटमध्ये नेमकं हेच येत नाही, तिथे फक्त करडा रंग येतो.

प्रॅक्टिकल_पाटील

बरं, अभ्रकाचं माहीत नव्हतं. पण तालमीच्या हॉलमध्ये ट्यूबलाइट असते हो.

विंगेतली_ताई

ठसेकर, छान लिहिलंत. मी चित्रांतली जाणकार नाही पण कालिदास कलामंदिराच्या विंगेत उभं राहण्यात बरंच आयुष्य गेलंय म्हणून थोडं.

नेपथ्यवाला दादा, फक्त आ वासलेले आणि डोळे वटारलेले नट लावू नका, बायकांच्या भूमिकेतले पण घ्या. १६२९ मध्ये जपानात बायकांना रंगमंचावर बंदी झाली, खरं तर काबुकी सुरू केलं तेच ओकुनी नावाच्या बाईने, १६०३ च्या सुमाराला क्योतोत. बंदीनंतर पुरुषच बायका झाले आणि तीच परंपरा आजही आहे, त्यांना ओन्नागाता म्हणतात. आपल्याला यात नवल वाटायचं काही कारण नाही, आपल्या त्र्यंबकच्या दादासाहेब फाळक्यांना १९१३ मध्ये तारामतीसाठी बाई मिळाली नाही म्हणून साळुंके नावाच्या पुरुषाला लुगडं नेसवावं लागलं. बालगंधर्वांच्या फोटोशेजारी एखादी ओन्नागाता लावली तर भिंत बोलायला लागेल. ज्या नाटकातला तो एदोबेई आहे त्याच नाटकातली शिगेनोई म्हणून दाई आहे, इवाई हान्शिरो चौथा याने केलेली, शाराकूनेच काढलीये. गोल गुबगुबीत चेहरा, बारीक डोळे. एवढी साधी बाई आहे ती की बघत राहावं.

आणि एक शंका. हे हाताने रंगवणं त्यांच्याकडे कधी नव्हतंच का? कारण आमच्या लहानपणी नाटकाचे बोर्ड रंगवणारे पेंटर असायचे, नटाचा चेहरा पाच फुटी काढायचे. तसं काही?

ठसेकर

ताई, अगदी नेमकं विचारलंत, आणि माझ्या मते नेपथ्यवाल्यांच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे.

होतं ना! एदोत तोरी नावाचं चित्रकारांचं घराणं होतं, सतराव्या शतकाच्या शेवटापासून काबुकी थिएटरांचे बोर्ड रंगवणं हा त्यांचा घराण्याचा धंदा. पहिला तोरी कियोनोबू १६६४ चा, बापाबरोबर ओसाकाहून एदोला आला. बोर्ड रस्त्यावरून दिसायला पाहिजे म्हणून त्यांची रेघ जाड बारीक होत वळवळत जाते आणि पायांच्या पोटऱ्या फुगवलेल्या. त्यांच्याकडे याला म्हणतातच "भोपळ्याचे पाय आणि गांडुळाची रेघ". त्याच काळात पहिल्या इचिकावा दान्जुरोने ती दणदणीत, आरडाओरडा करत पाय आपटायची वीररसाची शैली आणली होती, तिला ही रेघ चपखल बसली. (हा दान्जुरो १७०४ मध्ये चालू नाटकात रंगमंचावरच दुसऱ्या नटाच्या हातून मारला गेला. आपल्या नाटकवाल्यांची भांडणं त्यापुढे काहीच नाहीत.)

आता महत्त्वाचं. याच तोरीवाल्यांनी नटांची छापचित्रं पण काढली, आणि तेव्हा रंगाचे ठसे नव्हतेच! ठशाने फक्त काळी रेघ छापायची आणि रंग मग ब्रशने हाताने भरायचा. दोन तीन रंगांचे ठसे आले १७४० च्या दशकात, आणि पूर्ण रंगीत छपाई १७६५ मध्ये. रंगाचे ठसे यायच्या आधीची नटांची रंगीत चित्रं हातानेच रंगवलेली. आणि सुरुवातीला मुख्य रंग कोणता, तर शेंदूर. खराखुरा शिशाचा भगवा शेंदूर, जोडीला थोडा पिवळा, थोडा हिरवा. भरणारा पण घाईत भरायचा, रेघेबाहेर गेला तरी चालायचं, त्यातच त्याची मजा आहे. साइज पण मोठी, दीड पावणेदोन फूट उंच.

म्हणून माझं स्पष्ट मत, ज्याला पटेल त्याने घ्यावं: हाताने रंगवून घ्यायचंच असेल तर १७०० ते १७२० च्या आसपासचे तोरी घराण्याचे नट घ्या. तिथे ब्रश मुळातच आहे, त्यामुळे कॉपी खोटी वाटत नाही. शाराकू आणि एकोणिसाव्या शतकातले कुनिसादा, कुनिचिका हे रंगीत छपाईसाठी चित्रं काढणारे, त्यांची ताकद कोरणाऱ्याच्या आणि छापणाऱ्याच्या हातात आहे. टोकियोला आदाची नावाची संस्था आजही नवे ठसे कोरून शाराकू छापते, परवडत असेल तर ते, नाहीतर पाटील साहेबांचं डिजिटल. मधलं ऑइलवालं नको.

सिडकोचा_रंगारी

काय भो, सगळं तुम्हीच बोलून घेतलं, रंगवणाऱ्याला कोणी विचारेना. मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि रविवारी घाटावर बसून वॉटरकलर करतो. तेव्हा दोन गोष्टी माझ्याकडून.

नाशिकचा वॉटरकलरवाला आहे म्हणून त्याला हे जमेल असं धरून चालू नका. आमचा हात बसलाय ओल्या कागदावर. रामकुंडाचं पाणी, सकाळचं धुकं, देवळांची सावली, रंग वाहवायचा आणि सोडून द्यायचा. इथे बरोब्बर उलटं आहे, रंग सपाट पाहिजे, काठापर्यंत सारखा, आणि पोस्टर कलरसारखा अंगाचा पाहिजे. माझे हात सुरुवातीला आपोआप कडा ओल्या करायला जायचे. यापेक्षा साइनबोर्ड रंगवलेला जुना पेंटर पटकन करेल, त्याची रेघ एका दमात जाते. मी हौसेखातर कुनिसादाचा एक नट करून बघितलाय म्हणून सांगतो, रंग भरणं सोपं आहे हो, घाम फोडतात ते केस. कपाळाच्या कडेला जिथे केस सुरू होतात तिथे एकेक केस सुटा असतो, मुळाशी जाड आणि टोकाला नाहीसा होणारा. मूळ चित्रात हे ब्रशने काढलेले नाहीत, लाकडात दोन केसांमधली जागा कोरून काढून केस उभा ठेवलाय. हे काम नवख्या कोरणाऱ्याला देतच नसत, डोकी कोरणारा वरिष्ठ कारागीर असायचा. मी झीरो नंबरच्या ब्रशने केलं आणि लांबून बरं दिसतं, जवळून मात्र कळतं की केस काढलेत, कोरलेले नाहीत.

कागद. साधा कार्ट्रिज घेऊ नका. जपानी कागद तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा असतो, लांब धाग्याचा, पण तो तसाच घेतला तर टीपकागदासारखा रंग पितो. त्यावर सरस आणि तुरटीचं पातळ पाणी मारून वाळवावा लागतो, मग रेघ फुटत नाही. मी आपल्याकडचा जाडसर हँडमेड कागद घेऊन त्यालाच हे पाणी मारलं, चाललं. तुरटी जास्त झाली की कागद पुढे खराब होतो, चिमूटभरच.

शेंदराबद्दल ठसेकरांनी लिहिलं ते बरोबर पण कृपा करून खरा शेंदूर वापरू नका, शिसं आहे ते, आणि हवेने काळा पण पडतो. भगव्या पोस्टर कलरमध्ये किंचित लाल घाला, काम भागतं.

तोरीवाली कल्पना मला आवडली. जाड रेघ, मोठी साइज, तीन रंग. हे मी करू शकेन.

नेपथ्यवाला

अरे वा, एवढं येईल वाटलं नव्हतं. सर्वांचे आभार. रंगारी सर, तुम्हाला व्यक्तिगत निरोप करतो.

पण त्या कागदवाल्या विक्रेत्याने आज फोटो पाठवलेत आणि म्हणतो हे रंगवलेलं नाही, जुनं छापील आहे, म्हणून भाव जास्त. आधी म्हणाला होता हाताने रंगवलेलं! ग्रुपमधले दोघे आता त्यावरच भाळलेत. कसं ओळखायचं?

ठसेकर

भाळू देऊ नका. वस्तू हातात घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत हे पहिलं.

हातात आली की आधी पालथी करा. ठशाचं चित्र कागद ठशावर ठेवून मागून चकतीने घासून छापतात, त्यामुळे रंग कागदात मुरतो आणि मागच्या बाजूला पण चित्र फिकट दिसतं, घासल्याच्या गोल खुणा पण कधीकधी दिसतात. मागची बाजू कोरी स्वच्छ असेल तर शंका घ्या. मग सराफ बाजारात वापरतात तसलं भिंग लावा. मशीनच्या प्रिंटमध्ये रंगीत ठिपके दिसतील, रंगवलेल्यात ब्रशच्या कडा दिसतील, ठशाच्या छपाईत रंगाचा सलग थर आणि कागदाचे धागे. चित्र तिरपं धरून उजेडात बघा, छपाईत रेघेच्या जागी कागद किंचित दबलेला असतो. काही चित्रांत तर रंग न लावता नुसता दाब देऊन कपड्यावर नक्षी उठवलेली असते, ती कुठल्याही ब्रशने येत नाही.

आणि हेही लक्षात ठेवा, छापील निघालं तरी ते जुनंच असेल असं नाही. विसाव्या शतकात नवे ठसे कोरून प्रती भरपूर निघाल्यात. त्या वाईट नाहीत, उलट तालमीच्या हॉलला उत्तम, पण भाव त्या हिशोबाने पाहिजे.

शाराकूची सही सहा अक्षरांची असते, शेजारी गोल शिक्का सेन्सॉरचा आणि त्सुतायाचं चिन्ह, फूजी डोंगराखाली वेलीचं पान. रंगवणाऱ्याला अक्षरं वाचता येत नसली की सही म्हणजे नुसत्या काड्या होतात. म्युझियमच्या फोटोशेजारी ठेवून बघा, लगेच दिसतं. कपड्यावरचं नटाच्या घराण्याचं चिन्ह पण तपासा. दान्जुरोचं एकात एक तीन चौकोन, प्रेक्षक चेहरा बघायच्या आधी ते चिन्ह बघून नट ओळखायचे.

विंगेतली_ताई

सेन्सॉरवरून आठवलं, १८४२ मध्ये तर सरकारने नटांच्या चित्रांवर सरळ बंदी घातली होती ना? चैन वाढते म्हणून. मग चित्रकारांनी काय पळवाटा काढल्या ते कोणीतरी लिहा, आपल्याकडच्या सेन्सॉरला कंटाळलेल्यांना बरं वाटेल.

ठसेकर

हो ताई. त्यात कुनियोशी नावाच्या चित्रकाराची युक्ती सगळ्यात भारी. १८४७ च्या सुमाराला त्याने गोदामाच्या भिंतीवर कोणीतरी पोराने खिळ्याने खरवडून चित्रं काढावीत तशी नटांची तोंडं काढली, वेडीवाकडी, जोडीला एक नाचणारं मांजर. नटांची नावं नाहीत, चित्रकला म्हणावी तर ती पण नाही, पण एदोतल्या प्रत्येकाला कळत होतं कोण कोण आहेत ते. अडवणार कशावर?

सिडकोचा_रंगारी

हे तर हॉलच्या भिंतीवर थेट काढता येईल! कागद नको, फ्रेम नको. नेपथ्यवाला भाऊ, मित्राला विचारा भिंत खराब केलेली चालेल का. आणि त्यात तुमच्याच ग्रुपमधल्या नटांची तोंडं घालू, नावं न लिहिता.

प्रॅक्टिकल_पाटील

हे मला पटलं. खर्च शून्य.

नेपथ्यवाला

मित्र भिंतीला तयार आहे पण त्याच्या आईला विचारायचंय, बंगला त्यांच्या नावावर आहे 😀

बाकी ठरलं ते असं. तो कागदवाला रद्द, मागच्या बाजूचा फोटो मागितला तर गडी उत्तरच देईना. एदोबेई आणि इप्पेई जोडीने डिजिटल प्रिंट, मूळ साइजमध्येच, म्हणजे साधारण ३९ बाय २६ सेंटिमीटर, उगाच मोठी करणार नाही. शिगेनोई पण, ताईंसाठी. आणि रंगारी सर तोरी घराण्याचा एक दान्जुरो करून देणार. सरांनी ॲडव्हान्स नको म्हटलंय, पण आम्हाला तसं बरं वाटत नाही. साधारण किती द्यावा, आणि फ्रेमचं काय करावं?

सिडकोचा_रंगारी

ॲडव्हान्स म्हणून कागद आणि रंगाचे पैसे द्या, बाकी चित्र बघून. आधी मी फक्त डोकं आणि एक हात करून दाखवतो, रेघ पसंत पडली तर पुढे, नाहीतर तिथेच थांबू. सही मी त्यांची काढणार नाही, मागे माझं नाव, साल आणि "प्रत" असं लिहीन, पुढे कोणी हे जुनं म्हणून विकायला नको.

फ्रेमला काच चित्राला चिकटू देऊ नका, मध्ये माउंट टाकायला सांगा. पावसाळ्यात गंगापूर रोडच्या त्या बाजूला भिंती घाम धरतात, काच चिकटली की चित्राला बुरशी आलीच म्हणून समजा. मागे हार्डबोर्ड लावतात तो पण नको, त्याचा पिवळेपणा कागदात उतरतो. आणि हॉलला पश्चिमेची खिडकी आहे का? असेल तर त्याच्या समोरची भिंत सोडून द्या.

नेपथ्यवाला

आहे. समोरच्या भिंतीवर मग आरसा लावतो, तालमीला हवाच होता.